परसातला घाम कुणाचा, दाम कुणाचा?

(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या नाशिकची द्राक्षं युरोपला निघायच्या आधी प्रयोगशाळेत औषधाचा अंश तपासतात. २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश निघाला म्हणून तिकडे माल अडकला आणि बागाईतदार कर्जात गेले. पण आपल्याच लेकरांच्या ताटात पडणाऱ्या वांग्याचा अंश कोण तपासतो?

मी शेतकीचा पदवीधर. नोकरीत असताना एका माउलीच्या परसातल्या वांग्यावर शेंडेअळी बघून मी लगेच औषध लिहून दिलं. ती म्हणाली, "साहेब, आज फवारलं तर उद्या कालवण कशाचं करू?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर तिच्याजवळ होतं. सुकलेले शेंडे अळीसकट खुडून ती चुलीत घालत होती.

परसात हे जमतं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. त्याला तीन-चार क्विंटल कुजलेलं शेणखत पुरतं. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू. कुंपणाला वाल, दोडका, घोसाळी. मेथी-पालक निघाला की त्या वाफ्यात गवार किंवा चवळी. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरतात. पावसाळ्याच्या तोंडी निंबोळ्या गोळा करून वाळवा. अर्धा किलो कुटून रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळून दहा लिटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा.

आता कुणी म्हणेल, मग सगळंच रान असं करू. हिशेब मांडा. शेणखतात नत्र शेकडा अर्धा किलोच्या आसपास, युरियात ४६. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत पाहिजे. तेवढी जनावरं आज कुणाच्या गोठ्यात आहेत? श्रीलंकेच्या सरकारने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं पीक घटलं आणि त्याच वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. शेती कशी करायची हे शेतकऱ्याने ठरवावं, सरकारने नव्हे.

परसाला औषधाचा खर्च नाही, पण मेहनत दुप्पट. ती कोण करतं? खुडणं, निंदणं, पाणी घालणं, सगळं घरातली बाई. म्हणूनच १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेती मांडली, तेव्हा लक्ष्मीमुक्तीही सोबत होती: बायकोच्या नावावर जमीन करा. त्याआधी १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात चांदवडला लाखो बाया जमल्या होत्या, त्या काही भाजीचं बी मागायला नव्हत्या.

तेव्हा गावी गेल्यावर दोन कामं करा. एक गुंठा विषाविना ठेवा. त्यातलं माळवं विकलं तर पैसा तिच्या हातात द्या आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावा. सरकारकडे घामाचं दाम मागणाऱ्यांनी घरातल्या घामाचा हिशेब आधी चुकता करावा.