माणूस की वस्तू?

मी पुदुच्चेरीत फ्रेंच भाषकांना इंग्रजी शिकवते. आज माझीच एक चूक सांगणार आहे.

माझ्या वर्गात फ्रान्सहून आलेली एक नर्स होती. नोकरीच्या अर्जात तिनं लिहिलं, ‘द पेशंट विच आय ट्रीटेड’. दोन ओळींनंतर, ‘द मशीन हू वॉज ब्रोकन’. म्हणजे पेशंटची झाली वस्तू आणि मशीनचा झाला माणूस! मी लाल पेनानं दोन्ही खोडलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, ‘की’ म्हणजे हू आणि ‘क’ म्हणजे विच?" खरंच सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात, सोपं जावं म्हणून.

घोळ कुठे झाला बघा. फ्रेंचमध्ये ‘की’ आणि ‘क’ यांतून निवडताना माणूस की वस्तू हे बघत नाहीत. उपवाक्यात कर्ता असेल तर ‘की’, कर्म असेल तर ‘क’. मशीन बंद पडली, ती कर्ता, म्हणून ‘की’. पेशंटवर उपचार केले, तो कर्म, म्हणून ‘क’.

इंग्रजी आधी वेगळंच विचारते: माणूस आहे की वस्तू? माणसाला हू, वस्तूला विच. आणि आपली मराठी? ती लिंग-वचन विचारते. म्हणून जो मुलगा, जी मुलगी, जे मूल. तेव्हा शब्दाला शब्द जोडून भागत नाही. आधी प्रश्न बदलावा लागतो.

मग तिचं फ्रेंच वाया गेलं का? मुळीच नाही. दुसऱ्या पायरीवर तेच कामाला येतं. कर्म असेल, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘क’ आला असता, तर औपचारिक इंग्रजीत हूचं हूम होतं. बोलताना तर तो शब्द गाळताही येतो: ‘द पेशंट आय ट्रीटेड’. कर्ता असेल तर मात्र गाळता येत नाही: ‘द मशीन विच वॉज ब्रोकन’. इथं विचऐवजी दॅटही चालतं. फक्त स्वल्पविराम देऊन जादा माहिती जोडली असेल, तर गाळायचंही नाही आणि दॅटही वापरायचं नाही.

तिनं अर्ज पुन्हा लिहिला: ‘द पेशंट हूम आय ट्रीटेड’. पेशंट परत माणूस झाला!

आता पहिल्या आठवड्यात मी समीकरण देत नाही. दोन प्रश्न देते: माणूस की वस्तू? कर्ता की कर्म? याच क्रमानं.