जुनी फीत, नवी तबकडी

बीटल्स या इंग्लिश चौकडीचा ‘सार्जंट पेपर्स’ हा संग्रह १९६७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां तो दुकानांत दोन रूपांनीं मांडलेला असे: एक मोनो, म्हणजे एकाच स्पीकरसाठीं सिद्ध केलेला, आणि दुसरा स्टिरिओ. १९८७ सालीं तोच संग्रह कॉम्पॅक्ट डिस्कवर आला. २००९ सालीं ‘रीमास्टर’ असें नवें नांव धारण करून पुनः आला, आणि २०१७ सालीं तर मूळ फितींवरून त्याचें मिश्रणच नव्यानें करण्यांत आलें. पन्नास वर्षांच्या या अवधींत गाणीं तींच राहिलीं, गळे तेच राहिले. तरीहि हीं पांच रूपें एकापुढें एक ठेवून ऐकणाऱ्यास तीं एक नाहींत हें थोड्याच वेळांत कळून चुकतें. कोठें गळा पुढें येतो, कोठें झांजा अधिक चकाकतात, कोठें खर्ज भिंतीवर आदळतो. ‘शीज लीव्हिंग होम’ या गाण्याची गति मोनो मुद्रणांत अधिक जलद आहे आणि स्वरहि वरचा आहे. कारण तें मिश्रण करतांना फीत किंचित् वेगानें फिरविली होती.

मग यांतलें खरें कोणतें? ज्या गृहस्थानें तरुणपणीं पहिली तबकडी घेतली आणि उतारवयांत तोच संग्रह चौथ्यांदा विकत घेतला, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न बराचसा पैशाचा आहे. परंतु जी मुलगी हें संगीत आज प्रथमच ऐकते आहे, तिच्यापाशीं तुलनेस दुसरें कांहींच नाहीं. तिच्या कानीं पडेल तेंच तिच्यापुरतें मूळ. म्हणून जुन्या रॉक संगीताच्या नव्या आवृत्त्या कशा पारखाव्या, हा विषय केवळ हौशी संग्राहकांचा राहिलेला नाहीं.

पारख करण्यापूर्वीं वस्तु काय आहे तें ओळखलें पाहिजे. त्या काळीं रॉक संगीताचें मुद्रण रुंद चुंबकीय फितीवर होत असे. फितीच्या एका पट्टीवर गळा, दुसरीवर गिटार, तिसरीवर ढोल, याप्रमाणें निरनिराळे ध्वनि वेगळे ठेवीत आणि मागाहून ते योग्य प्रमाणांत एकत्र करून एक मिश्र फीत तयार करीत. हीच मूळ फीत, जिला धंद्यांत मास्टर म्हणतात. ‘रीमास्टर’ म्हणजे ही मूळ फीत पुनः वाचून, तिचे खर्ज व तार स्वर थोडेबहुत सांवरून, नवी प्रत काढणें. ‘रीमिक्स’ म्हणजे त्याहून मागें जाऊन मिश्रणच नव्यानें मांडणें. पहिल्यांत चित्रावरची धूळ पुसली जाते. दुसऱ्यांत चित्रांतील आकृतींच्या जागा हलविल्या जातात. वेष्टनावर हा भेद पुष्कळदां बारीक अक्षरांत असतो, आणि ग्राहक तो वाचीत नाहीं.

मधल्या काळांत आणखी एक घोंटाळा झाला. एल.पी. तबकडीवर खर्ज स्वरांना रुंद खांच लागते, म्हणून तबकडी कापतांना खर्ज कमी करावा लागतो आणि तार स्वर वाढवावे लागतात. वाजविणारें यंत्र ही क्रिया उलट करून मूळ प्रमाण परत आणतें. या ठराविक फेरफाराशिवाय तंत्रज्ञ आपल्या अनुभवानें आणखी कांहीं कांटछांट करीत आणि ती केलेली दुय्यम फीत कारखान्यांकडे जात असे. १९८२ सालीं जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क निघाली, तेव्हां घाईघाईनें काढलेल्या कांहीं आवृत्त्या अशा दुय्यम फितींवरूनच तयार झाल्या. डिस्क कोरडी वाटते, रुक्ष वाटते, ही त्या काळची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. फक्त दोष पुष्कळ वेळां डिस्कचा नसून तिला जी फीत दिली गेली तिचा होता. तेव्हां पुढें खऱ्या मूळ फिती शोधून नव्या प्रती निघाल्या हें स्वागतार्हच झालें. मात्र त्याच सुमारास दुसरें एक विघ्न उभें राहिलें.

तें विघ्न म्हणजे मोठा आवाज. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत फ्लेचर व मन्सन या दोघां संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, मंद आवाजांत मनुष्याच्या कानाला खर्ज व अति तार स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकूं येतात, आणि आवाज वाढवितांच ते भरूं लागतात. म्हणजे एकच मुद्रण दोनदां लावलें आणि दुसऱ्या खेपेस चावी केसभर अधिक फिरविली, तर दुसरें मुद्रण अधिक भरदार, अधिक स्पष्ट वाटतें. कान फसतो, आणि फसलों हें त्याला कळत नाहीं. दुकानांत जी तबकडी शेजारच्या तबकडीहून मोठ्यानें वाजते ती चांगली वाटते, हें व्यापाऱ्यांना कळावयास वेळ लागला नाहीं.

परंतु डिजिटल मुद्रणाला एक छत असतें. ठराविक मर्यादेपलीकडचा अंकच तेथें लिहितां येत नाहीं. मग आवाज वाढवावा कसा? ढोलावरची थाप, झांजेचा पहिला आघात, गायकाची एकाएकी फुटलेली किंकाळी, हीं संगीतांतील शिखरें. लिमिटर नांवाचें यंत्र हीं शिखरें छाटतें, आणि मग उरलेला सगळा प्रदेश वर उचलून छताला भिडवितां येतो. १९९० नंतरच्या दशकांत ही स्पर्धा इतकी वाढली कीं, कांहीं आवृत्त्यांत हळू व मोठें हा भेदच उरला नाहीं. पिंक फ्लॉइड यांच्या १९७३ सालच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या संग्रहाचा आरंभ हृदयाच्या ठोक्यांनीं होतो. ते ठोके जवळजवळ ऐकूंच येऊं नयेत इतके मंद आहेत, आणि म्हणूनच पुढें जें अंगावर येतें तें खरोखर अंगावर येतें. ज्या आवृत्तींत ठोके सुरुवातीपासूनच खणखणीत ऐकूं येतात, तींत ‘सुधारणा’ झाली असें म्हणणारा मनुष्य आपल्या कानाशीं प्रामाणिक असेल, संगीताशीं नव्हे.

याकरितां दोन आवृत्त्यांची तुलना करणाऱ्यानें प्रथम दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. मोठी असेल ती खालीं आणावी. यंत्र असेल तर मोजून आणावी, नसेल तर एकाच गाण्यांतला गळ्याचा एकच तुकडा आळीपाळीनें लावून चावी जुळवावी. एका डेसिबलच्या फरकानेंहि निवाडा फिरतो. शिवाय कोणती आवृत्ति वाजते आहे हें घरांतल्या दुसऱ्या कोणास ठरवूं द्यावें, आणि ऐकणाऱ्यानें नांव न पाहतां मत द्यावें. हा खटाटोप थोडा शाळकरी वाटतो खरा, पण त्यावांचून झालेलें मत बहुधा चावीचें मत असतें. आवाज सारखा होतांच चमत्कार घडतो: मघांशीं जी भरदार वाटली ती आवृत्ति चपटी व दमछाक करणारी वाटूं लागते, आणि जी मिळमिळीत वाटली तींतील ढोल जागा होतो.

पण कान नेमका कशावर ठेवावा? येथें रॉक संगीताची एक विशेष अडचण आहे. सतारीचा किंवा व्हायोलिनचा स्वर खोलींत प्रत्यक्ष कसा वाजतो हें ठाऊक असतें, त्यामुळें मुद्रण खरें कीं खोटें हें सांगतां येतें. विजेच्या गिटारीला असा निसर्गसिद्ध स्वर नाहीं. तिचा ध्वनि यंत्रांतच जन्मतो, आणि तो किती कर्कश असावा हें तिच्या वादकासच माहीत. म्हणून गिटार बाजूला ठेवून मनुष्याचा गळा, पियानो, झांजा आणि ढोल यांकडे लक्ष द्यावें. लेड झेपेलिन यांच्या चौथ्या संग्रहांत (१९७१) ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हें गाणें आहे. त्यांतला ढोल इंग्लंडांतील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूंत, जिन्याच्या पायथ्याशीं ठेवून वाजविला, आणि मायक्रोफोन वर जिन्यांत टांगले होते. चांगल्या प्रतींत प्रत्येक थापेनंतर त्या उंच जिन्यांतली पोकळी ऐकूं येते आणि दुसऱ्या थापेपूर्वीं ती विरते. छाटलेल्या प्रतींत थाप आणि पोकळी एकाच उंचीच्या होतात. जिना नाहींसा होऊन नुसता गोंगाट उरतो.

मराठी श्रोत्याला याहून जवळची एक कसोटी उपलब्ध आहे. ‘दि इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसंगत जॉर्ज हॅरिसन यांनीं जानेवारी १९६८ मध्यें मुंबईंत एच.एम.व्ही.च्या स्टुडिओंत हिंदी वादकांकडून वाजवून घेतली, आणि गळा मागाहून लंडनमध्यें चढविला. तींत सरोद आहे, बांसरी आहे, सनई आहे. बांसरींत फुंकर किती आणि स्वर किती, सरोदाची तार छेडल्यावर तिचा टणत्कार कसा विरतो, हें ज्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला या गाण्याची कोणती प्रत खरी हें सांगावयास लंडनच्या टीकाकाराची गरज नाहीं.

फितीच्या खरखरीविषयींहि एक गैरसमज आहे. खरखर नाहीं म्हणजे प्रत उत्तम, असें नव्यानें ऐकणाऱ्यास वाटतें. पण खरखर पुसणारें साधन तिच्याबरोबर बारीक ध्वनिहि पुसून नेतें. ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याच्या शेवटीं अनेक हातांनीं एकदम दाबलेला पियानोचा स्वरसमूह चाळीसांहून अधिक सेकंद विरत जातो, आणि तो विरत असतां तंत्रज्ञांनीं मुद्रणाची पातळी इतकी चढविली होती कीं खुर्चीचा करकर आवाजहि ऐकूं येतो. ही करकर जेथें नाहींशी झाली, तेथें पियानोचें शेंपूटहि कापलें गेलें असें समजावें. २००९ च्या आवृत्तीसाठीं ॲबी रोड स्टुडिओंतील तंत्रज्ञ चार वर्षें खपले. सुमारें ५२५ मिनिटांच्या संगीतांत खरखर काढण्याचें साधन त्यांनीं पांच मिनिटांहूनहि कमी वापरलें. स्टिरिओ आवृत्तींत त्यांनीं लिमिटर बेताबेतानें लावला, मोनोंत मुळींच लावला नाहीं. ज्यांना दोन्ही संच मिळाले त्यांपैकीं बऱ्याच जणांनीं मोनोची बाजू घेतली, त्याचें हें एक कारण असूं शकेल.

याच्या उलट टोकाचें उदाहरण ‘रॉ पॉवर’ या संग्रहाचें. इगी पॉप आणि स्टूजेस यांचा हा संग्रह १९७३ सालचा. मिश्रण डेव्हिड बोवी यांचें, आणि तें पातळ आहे अशी ओरड प्रथमपासूनच होती. १९९७ सालीं स्वतः इगी पॉप यांनीं तें नव्यानें केलें आणि मोजमापाचे कांटे जाणूनबुजून लाल रेषेपलीकडे नेले. ध्वनि फाटला आहे हें कोणीहि सांगेल. पण तो कर्त्यानेंच फाडला आहे. येथें पारखणारा अडचणींत येतो. संगीत ज्याचें त्यानेंच असें ठरविलें असेल तर तें चूक म्हणावें कसें? २०१० सालीं बोवी यांचें जुनें मिश्रण पुनः प्रसिद्ध झालें, आणि आतां दोन्ही ऐकावयास मिळतात. ज्याला त्या तरुणांचा आवेश हवा त्यानें नवें ऐकावें. पण १९७३ सालीं काय घडलें हें ज्याला ऐकावयाचें आहे त्याला जुन्यावांचून गत्यंतर नाहीं.

आंकडे आणि लेबलें यांवर विसंबूं नये. मुद्रणांतील चढउतार मोजणारीं साधनें आतां सहज मिळतात. पण एकाच छाटलेल्या प्रतीवरून काढलेली डिस्क व एल.पी. मोजली तर एल.पी.चा आंकडा चांगला येतो. सुई आणि खांच यांच्या क्रियेनें लहरींचा आकार बदलतो एवढेंच त्याचें कारण. छाटलेलें शिखर कांहीं परत येत नाहीं. लेबलांची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. डिजिटल यंत्राचा स्पर्श न होतां मूळ फितीवरून काढल्या जातात अशी ज्यांची ख्याति होती, त्या एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या महागड्या तबकड्यांच्या निर्मितींत डिजिटल टप्पा होता हें २०२२ सालीं उघड झालें. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. त्याच तबकड्यांत शुद्ध फितीची ऊब ऐकूं येते असें सांगणारे रसिक त्यानंतर कांहीं काळ गप्प होते.

दरम्यान मूळ फिती म्हाताऱ्या होत आहेत. १९७० नंतरच्या कांहीं फितींवरील चिकट द्रव्य हवेंतील दमटपणा शोषून घेतें. अशी फीत तशीच फिरविली तर तिचा थर यंत्रावरच उतरतो. तिला प्रथम सुमारें ५० अंश उष्णतेंत कांहीं तास मंदपणें शेकावें लागतें, मग ती थोडे दिवस वाचतां येते. अशा फितीचें आज होणारें वाचन हें कदाचित् शेवटचें चांगलें वाचन असतें, आणि त्या वेळीं लिमिटर हातीं घेतलेला मनुष्य पुढच्या पिढ्यांच्या वतीनें निर्णय घेत असतो. इंटरनेटवरून संगीत पुरविणाऱ्या सेवा आतां सर्व गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतात, त्यामुळें मोठेपणाचा जुना फायदा संपला. परंतु त्यांच्याकडे बहुधा नवीनतम आवृत्तिच ठेवलेली असते, आणि तींतलीं छाटलेलीं शिखरें छाटलेलींच राहतात.

२०१४ सालीं बीटल्सच्या मोनो एल.पी. पुनः काढावयाच्या ठरल्या तेव्हां तंत्रज्ञांनीं २००९ ची डिजिटल प्रत बाजूला ठेवली आणि फितीच पुनः यंत्रावर चढविल्या. १९६० नंतरच्या दशकांत तबकड्या कापणाऱ्यांनीं करून ठेवलेल्या टिपणी त्यांनीं काढून वाचल्या, आणि त्या काळच्या पहिल्या छपाईच्या तबकड्या शेजारीं ठेवून, एकदां जुनी व एकदां नवी असें ऐकत, एकेक बाजू कापली.