पीएच्. डी. नंतरची उमेदवारी



अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी श्रीमहाकालेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, हे उज्जैनीतील मराठी घरांतून अभिमानाने सांगितले जाते. त्याच क्षिप्रेच्या काठी झालेल्या दुसऱ्या एका जीर्णोद्धाराचे स्मरण मात्र क्वचितच होते. सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा मोडकळीस आली असता १९२३ साली माधवराव महाराज शिंद्यांनी ती दुरुस्त करविली आणि ज्योतिर्गणिताचे व्यासंगी गोविंद सदाशिव आपटे यांच्या हाती सोपविली. त्यांच्याच देखरेखीखाली १९३७ साली तेथे शंकुयंत्र बांधले गेले. विद्वानाला विद्या असून भागत नाही; यंत्र आणि निर्वेध काळही कोणीतरी द्यावा लागतो.

आज अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञान यांत हा काळ ‘पोस्ट-डॉक्टरल’ संशोधनाच्या रूपाने मिळतो. पीएच्. डी. झाली की शिक्षण संपले, असे वडीलधारी मंडळी धरून चालतात आणि नोकरी व लग्न यांची बोलणी सुरू होतात. वस्तुतः प्रबंध हा गुरूच्या छत्राखाली एक प्रश्न सोडविल्याचा दाखला होय. प्रश्न स्वतः निवडण्याची दृष्टी परक्या प्रयोगशाळेतील दोन-तीन वर्षांच्या उमेदवारीत येते. आणि ही उमेदवारी सवेतन असते.

गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी १९६९ साली मुंबईत रसायन अभियांत्रिकीची डॉक्टरेट मिळविली व ते इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात संशोधनास गेले. वडील बालपणीच निवर्तलेले, आईने कष्टाने शिकविलेले. त्या घराला मुलाच्या स्थिर मिळकतीची निकड नव्हती काय? १९७६ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, पुढे तिचे संचालक झाले.

आता परदेशीच जावे लागते असेही नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असून मार्गदर्शक व यजमान संस्था उमेदवारानेच निवडावयाची असते. साहजिकच अर्जाच्या कितीतरी आधी मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार हवा. उज्जैनहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर इंदूर. तेथे २००९ पासून आय. आय. टी. आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ यंत्राच्या किरणांवर देशभरचे संशोधक प्रयोग करतात. जर्मनीची हुम्बोल्ट अधिछात्रवृत्तीही भारतीयांना खुली आहे.

याची दुसरी बाजू लपविण्यात अर्थ नाही. ही जागा कायमची नसते, निवृत्तिवेतन नसते, आणि एकामागून एक अशा जागांवर फिरत चाळिशी गाठणारेही आहेत. मुलींच्या बाबतीत हीच वर्षे विवाहाची व अपत्यांची. सासरच्या संमतीवाचून कित्येकींचे संशोधन प्रबंधाशीच थांबते. राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीत पस्तिसाची वयोमर्यादा स्त्रियांसाठी पाच वर्षांनी शिथिल आहे, हे घरोघरी ठाऊक असावे.

देवस्थानांच्या शिष्यवृत्त्या बहुधा पदवीपाशी संपतात. निवडीचे पत्र आणि पहिले विद्यावेतन यांमध्ये काही महिने रिकामे जातात. प्रवास, बिऱ्हाड यांचा खर्च तेव्हाच येतो. तेवढ्यापुरती बिनव्याजी उचल महाजनांच्या निधीतून देता येईल काय, याचा विचार येत्या वार्षिक सभेत अवश्य व्हावा.