संगमरवरी राजधानी आणि न विचारलेले प्रश्न

(पेण तालुक्यातील जिते येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडून जिते स्थानकात थांबते. उतरणाऱ्या पाहुण्याला कोणी विचारत नाही, की तू कोणाकडे आलास, किती दिवस राहणार, तुझ्यासोबत सरकारमान्य वाटाड्या आहे का? ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे मोल ध्यानातही येत नाही. ते मोल ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने मध्य आशियातील तुर्कमेनिस्तान या देशाचा प्रवास निदान मनाने तरी करावा.

इराण आणि अफगाणिस्तान यांच्या उत्तरेस, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेस हा देश पसरलेला आहे. क्षेत्रफळ जवळपास ४ लाख ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून अधिक. त्यातील बहुतांश भूमी काराकुम या वाळवंटाने व्यापली आहे. काराकुम म्हणजे काळी वाळू. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ७० लाख सांगितली गेली. तीही खरी किती, याविषयी जाणकारांना शंका आहे, कारण लक्षावधी लोक पोटापाण्यासाठी तुर्कस्तान आदी देशांत निघून गेले आहेत. नैसर्गिक वायूच्या साठ्यात या देशाचा क्रम जगात चौथा लावला जातो. एवढी संपत्ती पोटात असलेला हा देश जगातील सर्वांत कमी पाहिल्या गेलेल्या देशांपैकी एक आहे. दीर्घ काळ येथील पर्यटक व्हिसा निमंत्रणपत्रावाचून मिळत नसे आणि पर्यटकाला मान्यताप्राप्त संस्थेच्या मार्गदर्शकासोबतच फिरावे लागे.

भूकंप आणि न झालेली मोजदाद

राजधानी अश्गाबादमध्ये पाऊल ठेवणाऱ्याचे डोळे प्रथम दिपतात. सरकारी कचेऱ्या, निवासी इमारती, विद्यापीठे, सारे शुभ्र संगमरवराचे. २०१३ मध्ये या शहराची नोंद गिनेस बुकात झाली. २२ चौरस किलोमीटरच्या टापूत ५४३ नव्या इमारती आणि त्यांवर ४५ लाख चौरस मीटर पांढरा संगमरवर! रुंद रस्ते, कारंजी, रात्री दिव्यांचा लखलखाट. पाहणाऱ्याला उणीव जाणवते ती माणसांची. रस्त्यांवर वर्दळ नाही, नाक्यावर गप्पांचा फड नाही. सरकारी वास्तूकडे कॅमेरा वळवला की शिपाई खुणेने मना करतो. रात्री अकरानंतर शहर बाहेर दिसत नाही.

हे शहर इतके नवे का, याचे उत्तर १९४८ च्या एका रात्रीत आहे. ५ ते ६ ऑक्टोबरच्या मध्यरात्री झालेल्या भूकंपात अश्गाबाद अक्षरशः भुईसपाट झाले. त्या वेळी हा प्रदेश सोव्हिएत संघात होता. स्टालिनच्या राजवटीने या संकटाची व्याप्ती जगापासून आणि स्वतःच्या जनतेपासूनही दडवली. मृतांचे आकडे दहा हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत वेगवेगळे सांगितले जातात. एका अख्ख्या शहराचे किती लोक गेले, हे आज पाऊणशे वर्षांनंतरही निश्चित नाही!

येथे किल्लारीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादची गावे ढिगाऱ्याखाली गेली. त्याच दिवशी वार्ता देशभर पोहोचली. स्वयंसेवी संस्था, विद्यार्थी, सैनिक, परदेशी मदतपथके धावून गेली. ५२ गावे नव्याने वसवली गेली. मदतीच्या वाटपात त्रुटी राहिल्या, त्यांवर वृत्तपत्रांनी लिहिले, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. दुःख दोन्हीकडे सारखेच. पण एकीकडे मृतांची नावे लिहिली गेली आणि दुसरीकडे त्यांची मोजदादही झाली नाही. स्वातंत्र्य म्हणजे काय, असे कोणी विचारले तर हे एक उत्तर देता येईल.

तुर्कमेनबाशीचे राज्य

त्या भूकंपात आई आणि भाऊ गमावलेला आठ वर्षांचा एक मुलगा अनाथ झाला. वडील आधीच महायुद्धात गेले होते. हा मुलगा पुढे कम्युनिस्ट पक्षात चढत गेला आणि १९८५ मध्ये तेथील पक्षाचा प्रमुख झाला. त्याचे नाव सपरमुरात नियाझोव. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी देश स्वतंत्र झाला, पण खुर्चीवरचा माणूस तोच राहिला. १९९३ मध्ये त्याला ‘तुर्कमेनबाशी’, म्हणजे तुर्कमेनांचा प्रमुख, ही पदवी मिळाली. जानेवारी १९९४ मध्ये त्याची मुदत वाढवण्यासाठी सार्वमत घेण्यात आले आणि ९९.९ टक्क्यांहून अधिक मते अनुकूल पडल्याचे जाहीर झाले. डिसेंबर १९९९ मध्ये तो तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला.

१९९८ मध्ये राजधानीत ७५ मीटर उंचीची कमान उभी राहिली. तिच्या शिखरावर त्याचा १२ मीटर उंच सोनेरी पुतळा होता, आणि तो सूर्याच्या दिशेने फिरत राही. २००१ मध्ये त्याच्या नावाने ‘रुहनामा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळेत तो, विद्यापीठात तो, नोकरीच्या परीक्षेत तो, वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीही तोच. २००२ मध्ये महिन्यांची नावे बदलली. जानेवारीला त्याची पदवी आणि एप्रिलला त्याच्या मातेचे नाव देण्यात आले.

हे ऐकताना हसू येते. पण २००४ मध्ये सुमारे १५ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांना एकाच निर्णयाने काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी सैन्यात भरती झालेली पोरे नेमली गेली. २००५ मध्ये राजधानीबाहेरची रुग्णालये बंद करण्याचा हुकूम सुटला. आजारी माणसाने अश्गाबादला यावे, असा विचार! ग्रामीण ग्रंथालयेही बंद झाली, शालेय शिक्षणाची वर्षे घटवली गेली. वाळवंटातील एखाद्या बाळंतिणीवर यामुळे काय ओढवले असेल, हे तेथील कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आले नाही. ओगुलसापार मुरादोवा या महिला पत्रकार परदेशी रेडिओसाठी वार्तांकन करीत. २००६ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला.

वाळवंटातील अग्निकुंड

अश्गाबादहून उत्तरेकडे निघालेल्या प्रवाशाला सुमारे अडीचशे किलोमीटरवर दरवाझा येथे एक विलक्षण दृश्य दिसते. जवळपास ७० मीटर रुंदीचा खड्डा आणि त्यात अहोरात्र जळणारा वायू. सोव्हिएत काळात वायूच्या शोधार्थ खोदकाम करताना जमीन खचली आणि पुढे आग लागली, असे सांगतात. नेमके वर्ष आणि कारण यांवर एकवाक्यता नाही, कारण कागदपत्रे उघड नाहीत. २०२२ मध्ये ही आग विझवण्याचा आदेश निघाला. अलीकडच्या वर्षांत तिच्या ज्वाळा पुष्कळ मंदावल्या आहेत.

रायगड जिल्ह्याला वायू परका नाही. मुंबई हायचा वायू उरणला येतो, थळचा खतकारखाना आणि नागोठण्याचा प्रकल्प वायूवर उभा राहिला. म्हणून एक तुलना करता येते. तुर्कमेनिस्तानात १९९३ पासून नागरिकांना वायू, वीज, पाणी आणि मीठ फुकट देण्यात येत होते. या सवलतींची मोठी जाहिरात होत असे. २०१९ च्या आरंभी त्या काढून घेण्यात आल्या. त्या का काढल्या, वायूच्या विक्रीचा पैसा कोठे जातो, संगमरवरावर किती खर्च झाला, हे विचारण्याची सोय तेथे नव्हती. जे दान म्हणून मिळते ते एका फर्मानाने जाते. जे हक्क म्हणून मिळते त्याचा हिशेब मागता येतो.

पाण्याचीही कथा तशीच आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या काराकुम कालव्याने अमू दर्या नदीचे पाणी हजाराहून अधिक किलोमीटर वाळवंटात नेले. कापूस पिकला, परंतु झिरपून आणि बाष्प होऊन अमाप पाणी वाया गेले. अरल समुद्र आटण्यास जी कारणे घडली त्यांत हा कालवाही होता.

मर्वचे ढिगारे

राजधानीकडे परतून पूर्वेला वळले की मर्व लागते. रेशीम मार्गावरील हे नगर एके काळी जगातील मोठ्या नगरांत गणले जाई. १२२१ मध्ये मंगोलांनी ते उद्ध्वस्त केले. आज मातीच्या तटांमध्ये सुलतान संजरची बाराव्या शतकातील भव्य कबर उभी आहे. १९९९ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे.

भारतीय मनाचा ठाव घेणारी गोष्ट येथेच आहे. मर्वच्या ग्यौर-काला या भागात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. १९६० च्या दशकात याच परिसरात भूर्जपत्रांवर ब्राह्मी लिपीत लिहिलेले संस्कृत बौद्ध हस्तलिखित मिळाले. येथून शेकडो कोस दूर, वाळूच्या कुशीत संस्कृत अक्षरे शतकानुशतके जपली गेली! अकबराचा पालक बैरामखान तुर्कमेन वंशाचा, आणि ज्यांचे दोहे हिंदी पाठ्यपुस्तकांत शिकवले जातात ते रहीम त्याचेच पुत्र. विचार, भाषा आणि माणसे ज्या वाटेने मोकळेपणी येत-जात होती, त्याच वाटेवरचा हा देश आज सर्वाधिक बंदिस्त देशांत मोडतो, हा इतिहासाचा केवढा उपहास!

तेथील सामान्य माणूस मात्र मुळीच कोरडा नाही. घरी आलेल्यापुढे भाकरीसारखी गोल रोटी आणि हिरवा चहा येतोच. रोटी पालथी ठेवणे तेथे अशुभ मानतात. आखल-टेके घोडा, हाताने विणलेले गालिचे आणि आतिथ्य यांचा त्यांना सार्थ अभिमान आहे. राज्यकर्त्यांचा विषय निघाला की तो माणूस हवापाण्याविषयी बोलू लागतो, इतकेच.

पुतळा हलला, चौथरा राहिला

२१ डिसेंबर २००६ रोजी नियाझोवचे निधन झाले. नंतर आलेले गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव हे मूळचे दंतवैद्य. त्यांनी जुनी कमान २०१० मध्ये राजधानीच्या मध्यातून काढून शहराबाहेर उभी केली, महिन्यांची नावे पूर्ववत केली, रुहनामाचे स्तोम कमी केले. लोकांना वाटले, आता दिवस पालटले. पण २०१५ मध्ये त्यांचा स्वतःचा सोनेरी अश्वारूढ पुतळा उभा राहिला. ‘आर्कादाग’, म्हणजे रक्षणकर्ता, ही पदवी आली. मार्च २०२२ मध्ये त्यांचे पुत्र सर्दार राष्ट्राध्यक्ष झाले. पित्याच्या पदवीचे नाव दिलेले आर्कादाग नावाचे नवे शहरही २०२३ मध्ये उघडण्यात आले.

यातला बोध स्पष्ट आहे. दोष एका माणसाच्या लहरीत असता तर तो माणूस गेल्यावर संपला असता. जेथे न्यायालय, वृत्तपत्र, विधिमंडळ आणि निर्भय नागरिक नसतात, तेथे चौथरा रिकामा राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात राजकारणातील भक्ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. तो कोणा एका पक्षासाठी नव्हता. १९७५ ते १९७७ या २१ महिन्यांत आपल्याही देशाने सेन्सॉरच्या कात्रीचा आणि विनाचौकशी तुरुंगवासाचा अनुभव घेतला. महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष तेव्हा येरवड्याला आणि नाशिकला होते. त्याच काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत सत्ताधाऱ्यांसमक्ष निर्भयपणे बोलल्या. ती रात्र आपल्याकडे २१ महिन्यांत सरली, कारण प्रश्न विचारणारी माणसे उरली होती.

पेण तालुक्याला हे दुरून सांगण्याची गरज नाही. २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर याच तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, हे खरेच. पण तुर्कमेनिस्तानातील ९९.९ टक्के मतांपेक्षा ती मते मोलाची होती, कारण ‘नाही’ म्हणणारा शेतकरी दुसऱ्या दिवशी आपल्या बांधावर उभा होता, आणि निकाल का जाहीर करीत नाही, असे जाहीरपणे विचारीत होता.

आणखी एक गोष्ट या मातीला ठाऊक आहे. पेण-हमरापूरच्या कारखान्यांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात. घडवणाऱ्याच्या हाताला माहीत असते, की ही मूर्ती विसर्जनासाठी आहे. प्रत्यक्ष गणरायालाही आपण दीड दिवसाने, फार तर अनंत चतुर्दशीला, वाजतगाजत निरोप देतो. ज्या समाजाला देवाला निरोप देता येतो, त्याने माणसाला तहहयात सिंहासनावर बसवू नये. मतदानाला जाणे, ग्रामसभेत उभे राहून खर्चाचा हिशेब मागणे, माहिती अधिकाराचा एखादा अर्ज करणे, ही कामे लहान वाटतात. काराकुमच्या वाळवंटातील माणसाला विचारा, ती किती मोठी आहेत!