मुरगळलेला पाय

मंडळी, आम्हाला साठीनंतर पळण्याचा नाद लागला. रोज पहाटे आम्ही पारापासून ओढ्यापर्यंत पळत असू. गेल्या पावसाळ्यात पाय खड्ड्यात गेला आणि घोटा मुरगळला. आठ दिवसांत सूज उतरली, दुखायचे थांबले. नवव्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. घरची माणसे नको म्हणत होती. पण मास्तराला कोण सांगणार! अर्ध्या वाटेत तोच पाय पुन्हा वळला. मग महिनाभर हातात काठी आली.

डॉक्टरांनी समजावले. घोट्याची हाडे चिवट बंधांनी बांधलेली असतात. दुखणे आधी थांबते. बंध भरून यायला कित्येक आठवडे लागतात.

या खेपेला आम्ही ऐकले. आधी भिंतीजवळ एका पायावर उभे राहू लागलो. अर्धा तास चालूनही दुखेना, तेव्हा १ मिनिट पळायचे, २ मिनिटे चालायचे, असे सुरू केले. तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी घोटा दुखला की पळणे कमी. दम पुरतो, म्हणून मन पुढे धावते. तिथेच फसगत होते बघा.

भरतीची तयारी करणारी पोरे विचारत, "गुरुजी, आज चालतच?"

"होय बाबा, चालतच."

काल ओढ्यापर्यंत पळत गेलो. येताना मात्र चालत आलो.