जुने रूप, नवा उजेड

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेकाठी उभा असलेला नाना फडणवीसांचा वाडा असो, वा सांगलीच्या गावभागातील एखादे जुने घर असो, सागवानी खांबांच्या अशा सदरेत पांढराफटक प्रकाश फेकणारा आधुनिक दिवा टांगला, तर विजेचा खर्च आटोक्यात येतो खरा, पण वास्तूची शोभा मात्र उणावते. यावरची उत्तम तजवीज म्हणजे फिलामेंट एलईडी दिवा.

जुन्या बल्बात टंगस्टनची तार तापून उजळे आणि बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. नव्या दिव्याचा काचेचा गोळा तसाच पारदर्शक. मात्र आत तारेऐवजी काडीसारख्या बारीक पट्ट्या असून, त्यांवर एकापुढे एक जोडलेल्या सूक्ष्म एलईडींना पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला असतो. त्यांचा मूळचा निळा प्रकाश या लेपातून बाहेर पडताना पिवळसर होतो आणि गोळ्यात भरलेला हेलियमसारखा वायू पट्ट्यांची उष्णता काचेपर्यंत वाहून नेतो. त्यामुळे बुडाशी उष्णता शोषणारा जाड भाग बसवून मूळ आकार बिघडवण्याचे प्रयोजन उरत नाही.

६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड हा दिवा सुमारे ७ वॅटमध्ये देतो. रोज ५ तासांच्या हिशेबाने महिन्याला ९ युनिटांऐवजी जेमतेम एक युनिट खर्ची पडते. खरेदीच्या वेळी वेष्टनावर प्रकाशाच्या पिवळसर छटेसाठी २७०० केल्विन व उजेडासाठी सुमारे ८०० ल्युमेन हे आकडे पाहावेत, आणि घरात उजेड कमी-जास्त करणारा डिमर असल्यास दिवा त्यावर चालतो, याची खातरजमा करून घ्यावी.