‘असतों तर!’

कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. पण अलिबागच्या मुलाची मागण्याची रीत तीच राहिली: ‘मला आंबा हवा.’ येथें कर्ता आंबा, मुलगा चतुर्थींत! इंग्रजींत तो स्वतः कर्ता होतो. मग उद्धटपणा दिसूं नये म्हणून ‘आय वाँट’चें ‘आय वुड लाइक’ करतो.

खरी अडचण ‘विश’ची. मुंबईस गेलेल्या मुलानें वडिलांस ‘आपण खुशाल असाल’ अशा अर्थानें ‘आय विश यू वेअर वेल’ लिहिलें, तर ‘तुम्ही बरे नाहीं’ असेंच घरीं वाचलें जाईल. तेथें ‘आय होप यू आर वेल’ हवें. ‘वेअर’ हें रूप भूतकाळाचें, पण तें काळ सांगत नाहीं. इच्छिलेलें घडलेलें नाहीं, एवढेंच सांगतें. मराठी संकेतार्थाचें कामही हेंच. ‘आतां रेवसला असतों तर!’ म्हणणारा भाऊच्या धक्क्यावरच उभा असतो.